पेटी फ्रान्सची, तंबोरा मिरजेचा



अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाचं सामान ज्या कुणाच्या गराजमध्ये पडलेलं असेल, तिथे जाऊन बघा. तीन वस्तू हमखास सापडतील: गणपतीचं मखर, चहाचा भला थोरला थर्मास आणि हार्मोनियमची पेटी. मखर दरवर्षी नवं करायचं ठरतं आणि दरवर्षी जुन्यालाच सोनेरी कागद लागतो. थर्मास गळतो. पेटी मात्र टिकून आहे, कारण आरतीपासून नाट्यगीतापर्यंत तिच्यावाचून आपलं पान हलत नाही.

ही पेटी मूळची फ्रेंच. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें नावाच्या कारागिरानं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तेव्हा ते खुर्चीवर बसून, पायानं भाता मारत वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवण्याजोगं केलं आणि पेटी आपल्या घरात आली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला गवयाच्या मागून उचलून पुढे बसवलं. पुढे कुणाला तरी परकं नाव खटकलं असावं, म्हणून तिचं बारसं करून "संवादिनी" हे संस्कृत नावही ठेवलं गेलं. वाद्यांचीही शुद्धी होते म्हणायची!

पण तेवढ्यानं भागलं नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. कारणं दोन. एक, पेटीचे सूर पट्टीपट्टीला ठोकून बसवलेले, त्यामुळे तिच्यावर मींड आणि श्रुती निघत नाहीत. हे खरंच आहे. दुसरं, पेटी परकी. आता गंमत बघा. रेडिओ इंग्रजांचा, पेटीविरुद्ध तावातावानं लिहिणारा जॉन फोल्ड्स हा संगीतकारही इंग्रज, आणि बंदीला पाठिंब्याचं पत्र लिहिणारे रवींद्रनाथ ठाकूर! परक्या वाद्यापासून हिंदी संगीत वाचवायला परकं सरकार धावलं, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनं ती बंदी १९७१ सालापर्यंत चालवली.

आज पेटीपासून सुरुवात केली त्याला कारण आहे. गेले काही महिने आपल्या मंडळींत "गणपतीच्या कार्यक्रमात अस्सल आपलं संगीतच हवं" असा सूर निघतोय. अस्सल आपलं म्हणजे काय, हा प्रश्न नवा नाही. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत तो आपल्याकडे भलताच पेटला होता. आणि पेटी जिथून आली त्या पॅरिसमध्येही थोड्याफार फरकानं हाच वाद रंगला होता. आधी तिकडची गोष्ट सांगतो, कारण तिचा शेवट आपल्या अमेरिकेत होतो.

१९१६ साली, ऐन युद्धात, फ्रान्समध्ये "फ्रेंच संगीत रक्षण" करणारी एक लीग निघाली. जर्मन आणि ऑस्ट्रियन हयात संगीतकारांचं काम फ्रान्समध्ये वाजवू नये अशी तिची मागणी. सां-साँससारखी बडी नावं तिच्यामागे होती. मोरिस रावेल तेव्हा लष्करात ट्रक चालवत होता. म्हणजे देशासाठी काय करतोस असं त्याला विचारायची सोय नव्हती. त्यानं लीगला कळवलं की परदेशी सहकाऱ्यांच्या कामाकडे पाठ फिरवली तर फ्रेंच संगीतच खुरटेल, तेव्हा मी सभासद होत नाही.

युद्ध संपलं, पण भांडण तसंच राहिलं. वँसाँ दँदी हा तिथला मोठा शिक्षक. १८९४ साली निघालेल्या स्कोला कांतोरम या संस्थेचा आधारस्तंभ. कट्टर कॅथलिक. चर्चचं जुनं ग्रेगोरियन गायन हाच फ्रेंच संगीताचा पाया, असं शिकवणारा. त्याच्या शिस्तीनं पुष्कळ विद्यार्थी घडले. पण त्याच्या "आपल्या" संगीतात ज्यूंना जागा नव्हती, आणि हा द्वेष त्यानं लपवलाही नाही. उलट दारिउस मियो हा तरुण संगीतकार जन्मानं आणि धर्मानं ज्यू आणि मनानं प्रोव्हान्स प्रांतातला अस्सल फ्रेंच. या दोन गोष्टींत त्याला कधी विरोध वाटला नाही. तो इतरांना वाटत होता. १९४० साली जर्मन फौजा आल्यावर मियोला बायकामुलासह देश सोडावा लागला. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या मिल्स कॉलेजात तो शिकवू लागला आणि १९७१ पर्यंत तिथे शिकवत राहिला. (बे एरियावाल्यांनो, हे कॉलेज २०२२ साली नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं.) जाझवाल्या डेव्ह ब्रुबेकनं आपल्या थोरल्या मुलाचं नाव या गुरूवरून दारिउस ठेवलं. फ्रान्समध्ये काही लोकांना जो "आपला" वाटला नाही, तो इथे आयता मिळाला.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडची गोष्ट मिरजेपासून सुरू करावी लागते. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाल्यावर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ते वासुदेवबुवा जोशांचे शिष्य, आणि जोशीबुवा ग्वाल्हेरच्या हस्सूखाँचे. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत. त्या काळी गवई म्हणजे दरबारातला आश्रित किंवा कोठीशी नाव जोडलेला माणूस. भल्या घरातली मुलंमुली गाणं शिकायला धजत नसत. पलुस्करांनी गाण्याला शाळा दिली, वेळापत्रक दिलं, प्रार्थना दिली, शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तीचे शब्द दिले. आज तुमची-आमची मुलं न्यू जर्सीत बसून प्रारंभिक आणि प्रवेशिकेचे फॉर्म भरतात, त्याचं मूळ तिथे आहे. (परीक्षा घेणारं अखिल भारतीय मंडळ १९३१ साली, त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी स्थापन केलं.) "रघुपति राघव" या धुनेच्या आजच्या चालीचं श्रेयही सहसा त्यांनाच देतात.

हे ऋण मान्य करून पुढचं बोलायला हवं. गाण्याला अब्रू मिळाली ती देवाच्या मार्फत. आणि देव म्हटला की कुणाचा, हा प्रश्न येतोच.

१९२३ साल. नागपुरात मशिदीसमोरून वाजतगाजत मिरवणुका न्याव्यात की नाही यावरून तंटे पेटले होते. बंदी मोडून भजनं म्हणत दिंड्या निघत होत्या. १९२५ साली तिथेच संघ स्थापन झाला, त्याच्या पार्श्वभूमीत हे तंटेही होते. त्याच १९२३ च्या डिसेंबरात काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली. रिवाजाप्रमाणे पलुस्कर वंदे मातरम् गायला उभे राहिले. अध्यक्षांनी धर्माचं कारण सांगून हरकत घेतली. पलुस्करांनी ती जुमानली नाही, गाणं पूर्ण केलं. मौलाना व्यासपीठावरून निघून गेले.

हा प्रसंग आजही फॉरवर्ड होऊन येतो, आणि पाठवणाऱ्याच्या मतानुसार त्यात एक नायक आणि एक खलनायक असतो. मला दोघांचंही म्हणणं कळतं. वंदे मातरम् म्हणत लोक लाठ्या खात होते, तुरुंगात जात होते. ते मध्येच थांबवायचं म्हणजे त्या माणसांचा अपमान, असं पलुस्करांना वाटलं तर नवल नाही. दुसरीकडे, गाण्याच्या पुढच्या कडव्यांत देशाला देवीच्या रूपात वंदन आहे. एकाच अल्लापुढे झुकणाऱ्याला ते जड जाणार हेही उघड आहे. पण मला या प्रसंगात एक तिसराच माणूस दिसतो. पलुस्करांच्या गळ्यातली आवाज लावण्याची रीत ज्या हस्सूखाँकडून वरच्या साखळीनं आली, तोही त्या व्यासपीठावर हजर होताच की! त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही.

पलुस्करांच्या समोर दुसरं टोक म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईचे वकील. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर पलुस्करांनी गावोगाव शाखा उघडल्या, भातखंड्यांनी स्पेसिफिकेशन लिहिलं. आधी डॉक्युमेंटेशन शून्य, आणि जुनी सिस्टिम फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात! (हे दुःख आमच्यातल्या कित्येकांना ठाऊक असेल.) भातखंडे देशभर हिंडले, दहा थाटांची मांडणी केली, क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं. उस्तादांच्या अडाणीपणावर ते कडक लिहीत, कधी कधी अन्याय होईल इतकं कडक. पण त्या उस्तादांकडून शेकडो चिजा घेताना त्यांनी गुरूचा धर्म पाहिला नाही, आणि राष्ट्राचं संगीत पूजाअर्चेत बसवावं असंही त्यांना वाटलं नाही. त्यांचं राष्ट्र पाठ्यपुस्तकातलं होतं. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. इतिहासकार जानकी बखले यांनी "टू मेन अँड म्युझिक" या २००५ सालच्या पुस्तकात या दोघांची कथा एकत्र मांडली आहे, जमल्यास जरूर वाचा.

आणि ज्यांच्याकडून हे संगीत घेतलं, ते उस्ताद या काळात काय करत होते? अब्दुल करीमखाँ मूळ उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे, पण मिरजकर होऊन गेले. त्यांनी बेळगाव आणि पुण्याला शाळा चालवली, तिचं नाव काय असेल? "आर्य संगीत विद्यालय". मुसलमान उस्तादाच्या शाळेचं नाव आर्य! बडोद्याच्या ताराबाई माने यांच्याशी त्यांनी संसार केला. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. हिराबाईंनी पुढे सभ्य, जाहीर मैफिलीत बसून गाण्याची वाट बायकांसाठी मोकळी केली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गानं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि त्यांचा सूर कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोल्हापूरचे अल्लादियाखाँ आपली वंशकथा सांगताना पूर्वज शांडिल्य गोत्राचे गौड ब्राह्मण होते असं सांगत. ते सांगत याबद्दल वाद नाही. मला त्यातला काळ महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या गवयालाही आपला दाखला असा काढून दाखवावासा वाटला, तो अभिमान असेल, आणि "तुम्ही इथलेच ना?" या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही असेल.

शब्दांवरून झालेलं भांडण मात्र थांबलं नाही. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीनं ठरवलं की वंदे मातरम् ची पहिली दोनच कडवी गावीत. तोडगा निघाला, समाधान कुणाचंच झालं नाही. आणि हरकतीचं टोक सत्तेच्या हातात गेलं की काय होतं, ते १९३८ साली निजामाच्या राज्यात दिसलं. औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला मनाई झाली. त्यांनी ती मोडली, तेव्हा शेकड्यांनी मुलं काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठानं त्यांना आपल्याकडे घेतलं. मराठवाड्यातल्या वाचकांच्या घरी ही आठवण असेल. सक्तीनं गायला लावणं आणि सक्तीनं गप्प करणं, दोन्ही एकाच कारखान्याचा माल.

स्वातंत्र्य आल्यावर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सभासदांसमोर झिंझोटीतली आपली चाल म्हणून दाखवत होते, हे गीत समूहानं गाता येतं, बँडवर वाजवता येतं हे पटवत होते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला: राष्ट्रगीत जनगणमन, आणि वंदे मातरम् ला तितकाच मान. २०२५ साली या गीताला दीडशे वर्षं झाली आणि संसदेत पुन्हा तीच कडवी, तेच १९३७ साल! जुना बग, नवीन रिलीज.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय?

इकडच्या एका मंडळानं गेल्या वर्षी गणपतीत शास्त्रीय गायनाची मैफल ठरवली. गायिका मराठी. तबल्याला इथलेच एक उस्ताद, ज्यांच्याकडे मंडळातली अर्धी मुलं वर्षानुवर्षं रविवारी सकाळी तबला शिकतात. माझी मुलगीही. बैठकीत एकानं विचारलं, "गणपतीसमोर कशाला? दुसरा कुणी मिळणार नाही का?" कुणी रागावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. इथे सगळं नीटच होतं. शेवटी "सर्वांच्या भावना लक्षात घेऊन" मैफल दिवाळीत ढकलली आणि गणपतीला कराओके ठेवलं. सगळ्यांना तोडगा फार आवडला. मी विरोधात मत दिलं. आम्ही तिघंच होतो. उस्तादजींना कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं भाई, दिवाली भी अपनी है," आणि मुलीला पुढचा कायदा लिहून दिला.

भावनांचा मान ठेवला असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाच्या ठेवल्या हेही सांगायला हवं. बालगंधर्वांच्या रंगमंचाखाली तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. वर कृष्ण-रुक्मिणी, खाली हे दोघे, आणि समोर शालू नेसलेला सोवळा महाराष्ट्र. त्या प्रेक्षकांपेक्षा आपण जास्त धार्मिक आहोत का? मला तसं वाटत नाही. ते आपल्याच गावात होते, त्यांना आपण कोण हे सिद्ध करायचं नव्हतं. आपल्याला इथे दर वर्षी भाड्याच्या शाळेत, पाच तासांत, ते सिद्ध करायचं असतं. घाईत मग सोपी व्याख्या बरी वाटते. पण आपल्या मुलांना आपण जे सिद्ध करून दाखवू, तेच ती खरं मानणार. रविवारी ज्यांच्या पाया पडून बसायचं, ते गणपतीसमोर मात्र चालत नाहीत, हे दहा वर्षांच्या पोरीला समजावून सांगायचे शब्द माझ्याकडे नाहीत, आणि मला ते शोधायचेही नाहीत.

पुन्हा मिरजेकडे जाऊ. पलुस्कर तिथे शिकले आणि ऑगस्ट १९३१ मध्ये तिथेच वारले. (त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये दँदी गेला.) अब्दुल करीमखाँ ऑक्टोबर १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनवर गेले, त्यांना आणून मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात पुरलं. तिथे उरुसाला त्यांच्या स्मृतीत गाणं होतं. याच मिरजेत २००९ साली गणेशोत्सवातल्या कमानीवरून दंगल झाली. म्हणजे गाणं आहे म्हणून गावात सगळं आलबेल असतं असं नाही. एवढंच की त्या गावात शिकलगार घराण्यांतले कारागीर पिढ्यानपिढ्या भोपळे वाळवून तंबोरे करत आले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे इथे स्टेजवर तंबोरा असतो तो पुष्कळदा तिथूनच, गोधडीत गुंडाळून, जादा सामानाचे डॉलर भरून आणलेला असतो.

म्हणजे आपल्या गणपतीसमोर फ्रेंच पेटी चालते, मिरजेच्या मुसलमान कारागिराचा तंबोरा चालतो, अठराव्या शतकातल्या नियामतखाँची "सदारंग" नावानं बांधलेली बंदिश चालते. मग तबल्यामागे बसलेला जिवंत माणूस तेवढा का चालू नये?

१९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याच्या मुलाम्याची तबकडी पाठवली. तिच्यात हिंदुस्थानचं म्हणून जे संगीत आहे, ती गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादियाखाँच्या शिष्या. व्हॉयेजर १ सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या गेल्या. अमेरिकेनं भारताचा आवाज म्हणून जो निवडला, त्यात गोव्याची बाई आणि तिचे मुसलमान गुरू वेगळे काढता येत नाहीत.

यंदाच्या कार्यक्रमांची जमवाजमव तुमच्याकडेही सुरू झाली असेल. तुमच्या समितीत असा प्रश्न आला तर निदान मत मोजायला लावा आणि इतिवृत्तात लिहायला लावा. मी या वर्षी पुन्हा तोच ठराव मांडणार आहे: मैफल, गणपतीसमोर, उस्तादजींच्या तबल्यासह. गेल्या वेळी तिघं होतो. बघू.

बाकी सर्व ठीक. थर्मास दुरुस्त करणारा कुणी माहीत असल्यास कळवणे.

लोभ आहेच, तो वाढावा.